नदीपासून नव्वद पावलं

गाडी लावायची त्या जागेपासून तंबू ठोकायच्या जागेपर्यंत ७०० मीटर. तिथल्या फलकावर तसं लिहिलंय. माझ्या पावलांनी ते १,०४० भरलं. मोजायची सवय आहे. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांमधले आकडे तपासण्यात गेली. आता निवृत्त झालेय, वह्या नाहीत, म्हणून पावलं मोजते, पायऱ्या मोजते, आडव्या पडलेल्या ओंडक्यावर बसलेले पक्षी मोजते.

हे ७०० मीटर म्हणजेच या प्रकारच्या मुक्कामाची सगळी गंमत आणि सगळी कटकट. गाडी शेजारी उभी करून डिकीतून एकेक वस्तू काढत बसायचं, हा कॅम्पिंगचा एक प्रकार. घर पाठीवर घेऊन चार-चार दिवस डोंगर तुडवायचे, हा दुसरा. आमचा मधला. गाडी दिसत नाही, दारं आपटल्याचे आवाज नाहीत, पण काही विसरलं तर परत जाता येतं. आणि परत जाता येतं म्हणूनच माणूस नको तेवढं सामान आणतो.

तीन वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीबरोबर याच नदीवर आले होते, तेव्हा आम्ही पाच फेऱ्या केल्या. दोन घडीच्या खुर्च्या, बर्फाची पेटी, एक सतरंजी, एक मोठं पातेलं आणि त्या पातेल्यात बसत नाही म्हणून आणलेलं दुसरं पातेलं. पाच वेळा जायचं आणि मधे चार वेळा यायचं, म्हणजे नऊ गुणिले सातशे. सहा किलोमीटर तीनशे मीटर. शेवटच्या फेरीला अंधार पडला होता आणि बहीण माझ्याशी बोलत नव्हती.

यंदा तिनं स्वतः न येता मुलाला पाठवलं. भाचा तेवीस वर्षांचा आहे आणि त्याच्याकडे वजनकाटा आहे. तो प्रत्येक वस्तू त्यावर ठेवतो. टूथब्रशचा अर्धा दांडा त्यानं कापून टाकलाय, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

"मावशी, फेऱ्या दोन. त्याच्या वर एकही नाही."

दोन फेऱ्या म्हणजे तीन गुणिले सातशे, दोन हजार शंभर मीटर. आकडा मला पटला. उशी मात्र मी घेतलीच. त्यानं ती काट्यावर ठेवली. ४२० ग्रॅम.

"जॅकेटची घडी कर ना डोक्याखाली."

"आणि रात्री थंडी वाजली की अंगात काय घालू, उशी?"

यावर तो काही बोलला नाही, पण निघेपर्यंत उशीकडे अधूनमधून बघत होता.

त्याच्या काट्याची मी कितीही चेष्टा केली तरी एक गोष्ट त्यानं मला शिकवली. पाणी वाहून न्यायचं नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. दोन माणसांचं दीड दिवसाचं पिण्याचं आणि शिजवण्याचं पाणी सहज दहा किलो होतं. मुक्काम नदीकाठी, आणि मागच्या वेळी आम्ही दोघींनी दहा लिटर पाणी नदीकडे वाहून नेलं होतं! बहिणीला हे अजून सांगितलेलं नाही. त्याचा फिल्टर मुठीएवढा आहे. आत बारीक पोकळ तंतूंचा जुडगा असतो, पाणी तंतूंच्या भिंतीतून पिळून निघतं आणि जंतू मागे राहतात. एकच पथ्य: हा फिल्टर एकदा वापरला की गोठू द्यायचा नाही. आत उरलेल्या पाण्याचा बर्फ झाला की तंतू फाटतात, आणि फाटलेले बाहेरून दिसत नाहीत. म्हणून तो रात्री फिल्टर पिशवीत गुंडाळून स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घेऊन झोपतो. मला आधी हसू आलं होतं.

तरी मी माझं पाणी उकळून घेतलंच. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. डोंगरातून आलेलं, काचेसारखं नितळ पाणी आहे, त्याला काय होतंय, असं म्हणणारे फार भेटतात. जिआर्डिया नावाचा पोटाचा जंतू नितळ पाण्यातही असतो, थंड पाण्यात आठवडेच्या आठवडे टिकतो, आणि पाणी प्यायल्यावर साधारण आठवड्याभरानं, आपण घरी पोचून सगळं विसरल्यावर, आठवण करून देतो.

तर, जागा.

मागच्या वेळची जागा आम्ही दोघींनी निवडली होती, आणि निवडताना फक्त डोळे वापरले होते. नदी तिथे वळण घेते. वळणाच्या आतल्या अंगाला गवताचा एक सपाट, मऊ तुकडा, पाण्यापासून सहा पावलांवर. तंबूचं दार उघडलं की समोर पाणी. फोटो काढले, घरी पाठवायचे म्हणून जपून ठेवले. आणि रात्री दोन वाजता दोघी अंगाभोवती सगळं गुंडाळून बसून होतो, कारण कपाळावर थेंब पडत होते.

"ताई, पाऊस आलाय," बहीण म्हणाली.

मी चेन उघडून डोकं बाहेर काढलं. आकाश चांदण्यांनी गच्च भरलेलं. एक ढग नाही.

पाऊस आमचाच होता. रात्रभरात माणूस श्वासातून पेलाभर तरी पाणी बाहेर टाकतो. दोघींचे दोन पेले. ती वाफ तंबूच्या थंड कापडाला लागते आणि तिचे थेंब होतात. त्यात नदीकाठची हवा आधीच दमट. त्यात थंडी वाजते म्हणून आम्ही हवेची सगळी झरोकी बंद करून ठेवलेली, म्हणजे वाफेला बाहेर जायला वाट नाही. त्यात वर मोकळं आकाश. निरभ्र रात्री उघड्यावरची प्रत्येक वस्तू आपली ऊब आकाशाकडे सोडून देत असते, आणि तंबूचं पातळ कापड तर आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतं. दव धरायला याहून चांगली वस्तू नाही. बहीण म्हणाली, स्टोव्ह आत घेऊ या, जरा ऊब येईल. ते मात्र मी होऊ दिलं नाही. बंद तंबूत ज्योत पेटवली की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो माणसाला खोकायलासुद्धा वेळ न देता गुंगवतो. आमच्या दोघींमधलं त्या रात्रीचं दुसरं भांडण ते.

थंडीचं कारण मला घरी आल्यावर कळलं. सूर्य मावळला की उतारावरची हवा गार होते, गार हवा जड, ती पाण्यासारखीच उतारावरून खाली येते आणि सगळ्यात खोल जागी साठते. सगळ्यात खोल जागा कुठली? नदीची. आम्ही दोघी गार हवेच्या डबक्यात तळाशी झोपलो होतो.

हे भाच्याला सांगितलं होतं, तरी त्यानं आधी मला त्याच गवताच्या तुकड्याशी नेलं.

"मावशी, हे बघ. घरटं आहे का?"

गवताच्या कडेला एक झुडूप होतं. त्याच्या फांद्यांमध्ये, माझ्या खांद्याच्या उंचीवर, वाळकं गवत आणि काड्या अडकलेल्या. मी घरट्यासाठी पोकळी शोधायला लागले. पोकळी नव्हती. जवळून पाहिलं तर सगळ्या काड्या एकाच दिशेला वळलेल्या, नदी वाहते त्या दिशेला, कुणी कंगव्यानं विंचरल्यासारख्या. मधे एक प्लॅस्टिकचा तुकडा आणि मातीचा सुकलेला पापुद्रा.

मग पेटलं डोक्यात. ती पुराची खूण होती. पाणी कधीतरी माझ्या खांद्यापर्यंत येऊन गेलं होतं, आणि जाताना कचरा तिथे टांगून गेलं होतं. हे झुडूप मागच्या वेळीही असणारच. आमच्या तंबूची एक दोरी त्यालाच बांधली होती बहुतेक.

आणि तो तुकडा इतका सपाट, इतका मऊ का, हेही तेव्हा आम्हाला विचारावंसं वाटलं नव्हतं. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी जोरात जातं आणि काठ खात राहतं. आतल्या अंगाला ते रेंगाळतं, रेंगाळलं की हातातली वाळू आणि गाळ खाली ठेवतं. ती गादी नदीनंच अंथरलेली. जिची गादी, ती कधीही झोपायला येणार.

म्हणून आम्ही वर गेलो. पाण्यापासून साठ मीटर, हे बऱ्याच ठिकाणी पाळतात ते अंतर, माझी नव्वद पावलं. इथे नव्वद पावलांवर जमीन एक पायरी चढते, दोन पुरुष उंच, आणि वर एक अरुंद पट्टा आहे. भाचा म्हणाला, हाही नदीचाच जुना काठ, फार पूर्वी नदी या उंचीवरून वाहायची. पट्ट्यावर झाडांची रांग. झाडाखाली दव कमी पडतं, कारण कापड आणि आकाश यांच्या मधे पानं येतात. पण आधी मान वर करून वाळक्या फांद्या बघायच्या. वारा नसतानाही त्या पडतात. पहिल्या दोन झाडांवर अशा फांद्या लटकत होत्या. तिसरं झाड चांगलं होतं.

तंबू उघडायच्या आधी मी जमिनीवर आडवी झाले. भाचा म्हणाला, मावशी काय करतेयस. म्हटलं, मोजतेय. उभं राहून सपाट दिसणारी जमीन पाठीला सपाट नसते. उजव्या खांद्याखाली मूळ आलं, दोन हात सरकले. डोकं पायापेक्षा खाली जातंय असं वाटलं, वळून झोपले. असं तीनदा. खाली दोन पोरं आमच्याकडे बघत होती.

त्या दोघांबद्दल नंतर.

खुंट्या पिशवीतून काढल्या आणि मोजल्या: चौदा. तंबूला बारा लागतात, दोन जास्तीच्या. जमीन वरून माती आणि चार बोटांखाली गोटे. खुंटी सरळ ठोकली की टणकन आवाज येतो, वाकते आणि निम्मी बाहेर राहते. खुंटी तंबूपासून उलट बाजूला झुकवून ठोकायची, म्हणजे दोरीचा ताण तिला उपटत नाही. आणि जिथे घुसतच नाही तिथे भाच्यानं वेगळीच युक्ती केली. दोरीचं टोक एका आडव्या काटकीला बांधलं, काटकी जमिनीवर ठेवली आणि तिच्या पुढ्यात, दोरीवर, एक मोठा धोंडा. दोरी ओढली की काटकी धोंड्याला अडकते. ओढून बघितलं, हललं नाही. धोंडे मात्र वरच्या सुक्या पट्ट्यावरचेच घेतले. मी नदीतले आणायला निघाले होते तर त्यानं अडवलं. एक उलटा करून दाखवला. खाली ओल्या बाजूला बारीक किड्यांची पिल्लं चिकटलेली होती. माशांचं ते खाणं. त्यानं धोंडा होता तसा परत ठेवला. शेकोटीभोवती नदीतले दगड न लावायचं कारण आणखी वेगळं: त्यांच्या भेगांत पाणी मुरलेलं असतं, तापलं की वाफ होते, आणि दगड फुटून उडतो.

तंबूच्या खाली अंथरायचं प्लॅस्टिक मी आणलं होतं, ऐसपैस. त्याची कडा तंबूच्या बाहेर वीतभर येत होती. मला ते नीटनेटकं वाटलं. भाच्यानं सगळ्या कडा आत दुमडल्या. बाहेर राहिली असती तर वरून ओघळलेलं दव त्या कडेवर साठून आपल्या पाठीखाली आलं असतं. दार कुठल्या दिशेला करायचं यावर थोडी चर्चा झाली. डोंगराच्या पायथ्याशी वारा दिवसा दरीतून वर चढतो आणि रात्री वरून खाली उतरतो, म्हणून दार ना दरीच्या वरच्या अंगाला ना खालच्या, तर नदीकडे पाठ करून बाजूच्या उताराकडे. नदी दिसत नाही मग. मी थोडी हिरमुसले. नदी बघायला आलोय ना? पण ऐकू येत होती.

एक गमतीचं वाचलंय, सांगून टाकते. हलके तंबू करून हौसेनं मुक्काम करायचं वेड रुजवणाऱ्यांत थॉमस हायरम होल्डिंग या इंग्रज गृहस्थाचं नाव घेतात. १९०१ साली त्यांनी सायकलवरून मुक्काम करणाऱ्यांची संघटना काढली. धंद्यानं ते शिंपी होते. मला हे फार आवडलं. तंबू म्हणजे शेवटी शिवणकामच की. आणि ज्याला तो सायकलवर न्यायचा आहे त्यानंच कापड बेतायला घेतलं, तर तो हलका होणारच. भाच्यानं हे ऐकून वजनकाटा शिंप्याकडे असायचा का असं विचारलं.

संध्याकाळी मी चौदावी खुंटी घेतली, तिला लाल दोरा बांधला आणि नदीवर गेले. पाणी आणि वाळू जिथे मिळतात बरोबर तिथे ठोकली. अर्धी वर, अर्धी वाळूत. हिशेब तपासणाऱ्या बाईला सुरुवातीची शिल्लक लिहून ठेवल्याशिवाय चैन पडत नाही.

वर बर्फ असलेल्या डोंगरातून येणारी नदी रोज थोडी फुगते आणि रोज थोडी ओसरते. दुपारी ऊन बर्फावर पडतं, तेव्हा पाणी सुटतं. बर्फाच्या जवळ असाल तर फुगवटा संध्याकाळीच दिसतो. पण पायथ्यापर्यंत ते पाणी यायला तास लागतात, म्हणून इथे संध्याकाळी नदी शांत आणि मध्यरात्रीनंतर वाढलेली. संध्याकाळची नदी बघून रात्रीचा अंदाज बांधता येत नाही, तो यामुळे. हे झालं रोजचं. वर कुठेतरी ढगफुटीसारखा पाऊस झाला तर गोष्टच वेगळी, आणि तो पाऊस आपल्या डोक्यावर पडलेला असायला हवा असं मुळीच नाही. पाणी अचानक गढूळ होणं, पानं-काटक्या वाहत येणं, आवाज जड होणं, तळातले धोंडे गडगडल्याचा आवाज येणं, यातलं काहीही दिसलं-ऐकलं की सामानाकडे न बघता वर चढायचं.

आता ती दोन पोरं. एक मुलगा, एक मुलगी, पंचविशीतली असतील. त्यांनी तंबू कुठे लावला असेल? त्याच गादीवर. दार नदीकडे. मी खुंटी ठोकून वर येताना थांबले. भाचा वरून हातानं नको नको करत होता. पण तीन वर्षांपूर्वी आम्हाला कुणी सांगितलं असतं तर?

झुडपातलं घरटं दाखवलं. गार हवेचं सांगितलं. मुलगी नीट ऐकत होती. मुलगा हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाला, "हो काकू, बघतो आम्ही." हा "बघतो" मी बत्तीस वर्षं ऐकलाय. त्याचा अर्थ मला माहीत आहे.

झोपायच्या आधीची दोन कामं. एक, खायचं सगळं आणि वासाचं सगळं, टूथपेस्टसुद्धा, एका पिशवीत घालून तंबूपासून लांब झाडाला उंच टांगलं. दुसरं काम कुणी लिहीत नाही, सगळ्यांना करावं लागतं. पाण्यापासून आणि तंबूपासूनही साठ मीटर लांब, एक वीतभर खोल खड्डा, नंतर माती लोटून बंद. यासाठी जायची वाट उजेडातच चालून ठेवावी. हेडटॉर्चच्या उजेडात सगळी झाडं एकसारखी दिसतात आणि आपला तंबू दिसतच नाही. मी त्याच्यावर रुमाल टांगून ठेवला होता, पांढरा.

स्लीपिंग बॅगवरून पुन्हा एक चकमक झाली. बॅगेवर दोन आकडे छापलेले असतात. भाच्यानं बघून आणलेला आकडा ० अंश होता आणि तो खूश होता. मी चष्मा लावून लेबल वाचलं. तो खालचा, "लिमिट"चा आकडा, अंगाचं मुटकुळं करून झोपलेल्या पुरुषासाठी. "कम्फर्ट"चा आकडा, निवांत झोपलेल्या बाईसाठी, ५ अंश. प्रमाणच तसं ठरवलेलं आहे. म्हणजे एकच बॅग, पण त्याच्या हिशेबातले पाच अंश माझ्या पदरी पडत नाहीत. लेबल पूर्ण वाचावं, एवढंच मी त्याला म्हटलं. खाली अंथरायची जाड मॅट मग त्यानं मुकाट्यानं माझ्याकडे सरकवली. जमीन हवेपेक्षा जास्त ऊब ओढून घेते. पाठीखालची बॅग अंगाच्या वजनानं दबलेली असते, तिच्यात हवाच नसते, तेव्हा तिथे मॅटच कामाची.

आणि नदीचा आवाज.

लोक म्हणतात, नदीच्या आवाजात शांत झोप लागते. मला लागली, पण तासाभरानं जागी झाले, कारण बाहेर कुणीतरी बोलत होतं. दोन बायका. शब्द कळत नव्हते, सूर कळत होता, एकीची तक्रार आणि दुसरीचं समजावणं. मी कान देऊन ऐकत राहिले. नाव घेतील म्हणून वाट बघत राहिले. मग भाचा अंधारात म्हणाला, "नदी आहे, मावशी." त्यालाही ऐकू येत होतं. त्याला पुरुषांचे आवाज येत होते, सामन्याची कॉमेंटरी चालल्यासारखे. एकसारख्या आवाजात आपलं डोकं ओळखीचं काहीतरी शोधत बसतं. मला माझी आणि बहिणीची भांडणं सापडली, इतकंच.

या आवाजाची दुसरी बाजू म्हणजे बाकीचं काही ऐकू येत नाही. पावसाची पहिली सर, कुणी मारलेली हाक, पाचोळ्यातली पावलं, सगळं नदी पुसून टाकते. म्हणूनही वर झोपलेलं बरं. नव्वद पावलांवर आवाज निम्मा वाटतो.

पावणेतीनला तो बदलला. आधी वरवरचा खळखळाट होता, तो बुडाला आणि खालून एक घोगरा, भरलेला सूर आला. जॅकेट चढवलं, टॉर्च लावली, पट्ट्याच्या कडेपर्यंत गेले. खाली उतरले नाही. प्रकाश खुंटीच्या जागी टाकला. लाल दोरा नव्हता. जिथे संध्याकाळी वाळू होती तिथे पाणी चमकत होतं. गढूळ नव्हतं, काटक्या नव्हत्या. रोजचीच वाढ. त्या दोघांच्या तंबूपासून पाणी अजून चार पावलं लांब होतं. हाक मारू की नको? आवाजात मारलेली पोचलीही नसती. मी तिथेच एका धोंड्यावर पंचवीस मिनिटं बसले. पाणी एका पांढऱ्या दगडाच्या बुडाशी होतं, ते बुडाशीच राहिलं. मग आत आले. भाचा म्हणाला, "किती?" मी म्हटलं, "दोन पावलं." तो झोपला.

सकाळी सहाला दोन्ही थर्मामीटर बघितले. हो, दोन आणले होते, ३० ग्रॅमचा एक, त्यावरूनही बोलणी खाल्ली होती. एक तंबूवरच्या फांदीला, एक खाली झुडपाला, घरट्याशेजारी. वर साडेसहा अंश, खाली चार. नव्वद पावलांत अडीच अंश. भाच्यानं आकडा फोनमध्ये लिहून घेतला, आणि त्या क्षणी मला तीस ग्रॅम माफ झाले. आमच्या तंबूच्या वरच्या कापडावर ओल होती, आतून कोरडा. झरोकी रात्रभर उघडी ठेवली होती.

खालच्या पोरांना नदीनं काही केलं नाही. पण तंबू बाहेरून भिजलेला, आतून भिजलेला, आणि बॅगा, कपडे, मोजे सगळे धोंड्यांवर वाळत घातलेले. ऊन अजून त्या तळात पोचलं नव्हतं. वरच्या पट्ट्यावर पोचलं होतं. थोड्या वेळानं मुलगी एक ओली बॅग खांद्यावर टाकून वर आली. "काकू, इथे टाकू का वाळत?" मी दोरी बांधून दिली. चहा दिला. मुलगा दहा मिनिटांनी आला. झुडपाबद्दल कुणीच काही बोललं नाही.

दहाला आवरायला घेतलं. तंबू झटकला, दुमडला. ओला तंबू काट्यावर ४०० ग्रॅम जास्त भरला, म्हणजे जवळपास माझी उशी, हे मी मोठ्यानं म्हटलं. धोंडे जागच्या जागी ठेवले. खुंट्या मोजल्या.

तेरा.

पुन्हा मोजल्या. तेरा.

गवतात शोधलं. भाचा गुडघ्यांवर, मी काठीनं पाचोळा उलटतेय. ती मुलगीही आली शोधायला. तंबूचे कोपरे कुठे होते ते आठवून आठवून प्रत्येक जागा चाचपली. भाचा म्हणाला, सोडून दे मावशी, जास्तीचीच आहे. मी म्हटलं, सोडून कशी देऊ, लोखंड आहे, कुणाच्या पायात जाईल. आणि हिशेब जुळत नाही. वीस मिनिटं गेली. सॅकमधलं सगळं काढून परत भरलं.

मग मला लाल दोरा आठवला.

कुणाला काही न बोलता नव्वद पावलं खाली गेले. पाणी अजून ओसरलं नव्हतं. नितळ पाण्याखाली, काठापासून दोन पावलं आत, दोरा हलत होता. चप्पल काढली, सलवार गुडघ्यापर्यंत वर केली. कोपरापर्यंत हात घातला. पाणी इतकं गार की बोटांना खुंटी लागलीय की दगड, हे कळेना. तिसऱ्या झटक्याला ती सुटली.

वर आले तेव्हा भाचा दोन्ही सॅका पाठीला लावून, एक मागे एक पुढे, उभा होता. माझ्या ओल्या बाहीकडे बघितलं, हातातल्या खुंटीकडे बघितलं.

"तुला आठवत होतं?" मी विचारलं.

"पंधरा मिनिटांपूर्वी आठवलं," तो म्हणाला. "म्हटलं, तुला हिशेब जुळवायला आवडतो."